गुठळी निघाली, मग मेंदू सुजला कसा?

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना मेंदूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, वाचा गेली. रुग्णालयात पोचेपर्यंत जवळजवळ पाच तास उलटले होते, त्यामुळे गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. मी संमतीपत्रावर सही केली आणि मांडीच्या धमनीतून कॅथेटर घालून गुठळी काढण्यात आली. वाहिनी पूर्ण उघडल्याचे डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी उजव्या हाताची बोटे हलवली. तिसऱ्या दिवशी मात्र ते ग्लानीत गेले. सीटी स्कॅनमध्ये सूज आणि थोडा रक्तस्राव दिसला. ‘रिपरफ्युजन इन्ज्युरी’, म्हणजे रक्त परत सुरू झाल्यामुळे होणारी इजा, झाली आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. काका म्हणतात की रक्त एकदम सोडल्यामुळेच मेंदू बिघडला, तू सही करायला नको होतीस. पहिल्या रात्री मॉनिटरवर रक्तदाबाचा वरचा आकडा १५० ते १६० दिसत होता. तो उतरवला असता तर हे टळले असते का? एक नातेवाईक मेंदूचे टॉनिक आणि अँटिऑक्सिडंट गोळ्या सुरू करा म्हणतात. आज पाचवा दिवस आहे आणि अ‍ॅस्पिरिनही अजून सुरू झालेली नाही. हे सगळे बरोबर चालले आहे का?
– एक मुलगी

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत जड प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सही करण्याचा तुमचा निर्णय बरोबर होता, आणि तिसऱ्या दिवशी जे घडले त्यामुळे तो चुकीचा ठरत नाही. वडिलांचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या प्रकृतीविषयीचा निष्कर्ष त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टरच काढू शकतील. पण परतलेल्या रक्ताने मेंदूला इजा होते का, होत असेल तर कशी, आणि म्हणून वाहिनी उघडूच नये असे म्हणता येते का, यावर पुष्कळ संशोधन झालेले आहे आणि काकांचे म्हणणे त्याच्यापुढे ठेवून तपासता येते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि साठा मात्र जवळजवळ काहीच ठेवत नाही. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलीटर रक्त मिळते. हा प्रवाह २० च्या खाली घसरला की तेथील पेशी काम थांबवतात, तरी काही काळ जिवंत राहतात. तो १० च्या आसपास किंवा त्याहून खाली गेला की त्या लवकरच मरू लागतात. गुठळीने मोठी वाहिनी बंद होते तेव्हा मधोमध असा मेलेला गाभा तयार होतो आणि त्याच्याभोवती, शेजारच्या वाहिन्यांतून येणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर तग धरून असलेला, गप्प झालेला पण वाचवता येण्याजोगा पट्टा उरतो. डॉक्टर त्याला पेनम्ब्रा म्हणतात. वेळ जातो तसा गाभा या पट्ट्यात पसरत जातो. मोठी वाहिनी बंद असताना, उपचार न झाल्यास, मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला आणि तो आजही सर्वत्र सांगितला जातो. दुसऱ्या दिवशी वडिलांची बोटे हलली ती बहुधा या पट्ट्यातील काही भाग पुन्हा कामाला लागल्यामुळे. गाभा मात्र वाहिनी उघडण्याआधीच गेलेला होता, आणि तिसऱ्या दिवशीची हकिगत मुख्यतः त्या गाभ्याची आणि त्याच्या काठाची आहे.

रक्त बंद असताना पेशीत काय काय साचते हे समजले, की परतलेल्या रक्ताकडे किती दोष जातो ते ठरवता येते. ऑक्सिजन आणि ग्लुकोज थांबताच पेशीची ऊर्जा, म्हणजे एटीपी, संपते. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारे पंप बंद पडतात, पेशी पाणी ओढून फुगतात, ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन प्रमाणाबाहेर सांडते आणि त्याच्या माऱ्याने शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसते. त्याच वेळी पेशींतील मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या केंद्रांत, सक्सिनेट नावाचा पदार्थ वापराविना साठत जातो. अशा अवस्थेत ऑक्सिजन परत आला की हे साठलेले सक्सिनेट पहिल्या काही मिनिटांत झपाट्याने वापरले जाते, इलेक्ट्रॉनांची वाहतूक काही काळ उलट्या दिशेने फिरते आणि सुपरऑक्साइडसारख्या अतिक्रियाशील रेणूंचा लोंढा बाहेर पडतो; ही साखळी २०१४ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाली. हे रेणू पेशीच्या आवरणातील मेदाची, प्रथिनांची आणि डीएनएची नासधूस करतात, आणि कॅल्शियमने आधीच त्रस्त झालेले मायटोकॉन्ड्रिया फुटू लागतात. परतलेला ऑक्सिजन इजा करतो, एवढे काकांचे म्हणणे खरे आहे. पण त्या इजेची सामग्री जमते ती रक्त बंद असताना, आणि वाहिनी जितका वेळ बंद राहते तितकी ती वाढत जाते.

दुसरा भाग वाहिन्यांच्या भिंतींचा आहे आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तोच अधिक महत्त्वाचा दिसतो. मेंदूतील केशवाहिन्यांचे अस्तर इतर अवयवांपेक्षा घट्ट असते. रक्तातील फारसे काही ते मेंदूत जाऊ देत नाही. रक्ताविना काही तास गेले की हे अस्तरही दुबळे होते. मग परतलेल्या रक्ताबरोबर पांढऱ्या पेशी येतात, अस्तराला चिकटतात आणि एमएमपी-९ सारखी विकरे सोडतात, जी अस्तराखालचा आधाराचा थर पचवून टाकतात. त्यातून पाणी आणि प्रथिने पाझरली की सूज येते, तांबड्या पेशी निसटल्या की रक्तस्राव होतो. शिवाय रक्तदाब वर-खाली झाला तरी आकुंचन-प्रसरण करून प्रवाह स्थिर ठेवण्याची वाहिन्यांची नेहमीची क्षमता या भागात हरपलेली असते, म्हणून दाब वाढला की तो थेट या दुबळ्या भिंतींवर येतो.

याच्या उलट वाटणारी एक गोष्टही त्याच वेळी चालू असते. मुख्य कालव्याला पाणी सुटले म्हणजे प्रत्येक वाफ्यात ते पोचलेच असे नसते. तसेच पडद्यावर मोठी वाहिनी भरलेली दिसली तरी तिच्यापुढच्या केशवाहिन्यांत रक्त पोचलेच असेल याची खात्री नसते. केशवाहिन्यांना वेढून बसणाऱ्या पेरिसाइट नावाच्या पेशी रक्ताअभावी आकसतात आणि तशाच आकसलेल्या अवस्थेत मरतात, पांढऱ्या पेशी आणि गुठळीचे बारीक कण अरुंद मार्ग अडवतात, बाहेरून सूज दाबते. रक्त थांबवून पुन्हा सोडल्यावरही मेंदूचे काही भाग कोरडेच राहतात, हे सशांवरील प्रयोगांत १९६८ सालीच दिसले होते. म्हणजे एकाच मेंदूत, एकाच वेळी, काही ठिकाणी रक्त जास्त आणि काही ठिकाणी ते अजूनही कमी, अशी स्थिती असू शकते. रक्तदाबाविषयीचा तुमचा प्रश्न या विचित्र स्थितीशी बांधलेला आहे. त्याकडे पुढे येतो.

आता काकांचा मुद्दा. प्रयोगशाळेत त्याला आधार सापडतो: उंदरांची वाहिनी काही तास बंद ठेवून मग उघडली, तर काही प्रयोगांत ती कायमची बंद ठेवलेल्या उंदरांपेक्षा जास्त मेंदू गेलेला आढळला. मात्र माणसांवरील चाचण्यांत, वाहिनी उघडलेले आणि न उघडलेले रुग्ण शेजारी ठेवून मोजले गेले, तेव्हा हिशेब दुसऱ्या बाजूला झुकला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांतील १,२८७ रुग्णांची माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासण्यात आली. कॅथेटरने गुठळी काढलेल्यांपैकी ४६ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकत होते; ज्यांची गुठळी तशी काढली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण २६.५ टक्के होते. लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव पहिल्या गटात ४.४ टक्के आणि दुसऱ्यात ४.३ टक्के होता, म्हणजे जवळजवळ सारखाच. दोन्ही गटांतील बहुतेकांना गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही मिळालेले होते, हे येथे नोंदवायला हवे, कारण त्या औषधाचा रक्तस्रावाशी स्वतंत्र संबंध आहे: १९९५ च्या ज्या अमेरिकी चाचणीने ते औषध मान्यतेपर्यंत पोचवले, तिच्यात असा रक्तस्राव औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के आणि न घेतलेल्यांत ०.६ टक्के होता. तरीही औषध घेतलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती एकंदरीत चांगली होती. तुमच्या वडिलांना ते मिळाले नव्हते, त्यामुळे ती जोखीम त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

सुजेच्या बाबतीतही असेच आहे. त्या पाचांपैकी एमआर क्लीन या डच चाचणीतील स्कॅन पुढे पुन्हा तपासले गेले, तेव्हा वाहिनी उघडलेल्या रुग्णांत मेंदूची मध्यरेषा सरकण्याचे, म्हणजे एका बाजूच्या सुजेने मेंदू दुसऱ्या बाजूला ढकलला जाण्याचे, प्रमाण कमी आढळले. वाहिनी बंदच राहिली असती तर मेंदू सुजला नसता, हे काकांचे गृहीतक येथे कोसळते. बंद वाहिनीच्या क्षेत्रातला मेंदूही सुजतो, आणि पुष्कळदा अधिकच सुजतो, कारण गाभा मोठा झालेला असतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती आयसीयूच्या दाराशी सहसा सांगितली जात नाही. एखाद्या रुग्णातील सुजेचा किंवा रक्तस्रावाचा किती भाग मूळ झटक्याचा आणि किती परतलेल्या रक्ताचा, हे वेगळे करून दाखवणारी कोणतीही तपासणी रोजच्या वापरात नाही. ‘रिपरफ्युजन इन्ज्युरी’ हे स्पष्टीकरण म्हणून योग्य असेल, पण ते सीटीवर दिसणारे निदान नव्हे, आणि नातेवाइकांच्या हाती ते नुसतेच पडले की त्याचे रूपांतर दोषारोपात होते. मोठ्या झटक्यात सूज बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सर्वाधिक असते. तिसऱ्या दिवशीची ग्लानी या वेळापत्रकात बसते. तरी ग्लानीची इतर कारणे पाहिली गेली का, हे तुम्ही जरूर विचारा: घशातून अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत जाऊन झालेला न्यूमोनिया, रक्तातील सोडियमची घसरण, वरून न दिसणारे आकडीचे (फिटचे) झटके, ताप, झोपेची औषधे. यांतील जवळजवळ प्रत्येकावर उपचार आहे, आणि म्हणूनच ‘मेंदूला सूज आहे’ एवढ्यावर शोध थांबता कामा नये.

रक्तदाबाविषयी तुम्ही जे विचारले आहे ते अनेक डॉक्टरांनाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटत होते. भिंती दुबळ्या असतील तर दाब कमी ठेवावा, म्हणजे रक्तस्राव टळेल, हा तर्क सरळ होता. तो तपासण्यासाठी चाचण्या झाल्या. फ्रान्समधील २०२१ च्या चाचणीत वरचा आकडा १०० ते १२९ ठेवलेल्या आणि १३० ते १८५ ठेवलेल्या रुग्णांत रक्तस्रावाचे प्रमाण वेगळे निघाले नाही. चीनमध्ये २०२२ साली १२० च्या खाली दाब आणलेल्या रुग्णांची अवस्था १४० ते १८० ठेवलेल्यांपेक्षा वाईट झाली आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. दक्षिण कोरियात २०२३ साली १४० च्या खाली आणि १४० ते १८० अशी तुलना झाली. तीन महिन्यांनी स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३९.४ टक्के आणि दुसऱ्यात ५४.४ टक्के निघाले, आणि तीही चाचणी मध्येच बंद झाली. कारण मघाशी सांगितले तेच असावे: वाहिनी उघडली तरी काही केशवाहिन्या अडलेल्या असतात, आणि त्यांच्यापलीकडचा मेंदू त्या दाबाच्या आधारानेच रक्त मिळवत असतो. म्हणून वाहिनी पूर्ण उघडल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत वरचा आकडा १८० आणि खालचा १०५ यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, पण तो जोर लावून खालीही ओढायचा नाही, अशी आजची पद्धत आहे. पहिल्या रात्रीचा १५०-१६० हा आकडा या चौकटीत बसतो. परिचारिकेने तो उतरवला नाही याला दुर्लक्ष म्हणता येणार नाही; बहुधा तिला तशाच सूचना होत्या.

साखरेचेही थोडक्यात सांगतो. रक्तातील साखर फार वाढलेली असेल तर परतलेल्या रक्ताची इजा आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात, म्हणून ती आवरतात. पण इन्सुलिनने ती फार काटेकोरपणे खाली ठेवण्याचा फायदा २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही, उलट साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रसंग मात्र वाढले.

टॉनिक आणि अँटिऑक्सिडंट गोळ्यांबाबत माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. नातेवाइकांच्या सूचनेमागचा विचार अगदीच निराधार नाही. अतिक्रियाशील रेणू इजा करतात तर त्यांना टिपणारे औषध द्यावे, हा विचार संशोधकांनीही केला आणि त्यावर वर्षानुवर्षे खर्ची घातली. एनएक्सवाय-०५९ हे असे रेणू टिपणारे औषध २००६ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत उपयोगी वाटले आणि ३,००० हून अधिक रुग्णांच्या २००७ च्या दुसऱ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. टॉनिक म्हणून लिहून दिले जाणारे सिटिकोलिन २०१२ साली २,२९८ रुग्णांवर तपासले गेले. त्याचा फायदा दिसला नाही. ग्लुटामेटच्या माऱ्यापासून पेशींना वाचवण्यासाठी तयार केलेले नेरिनेटाइड, नेमके गुठळी काढताना देऊन, १,१०५ रुग्णांवर पाहिले गेले आणि २०२० मध्ये त्याचाही एकूण निकाल नकारार्थी आला. एडाराव्होन या औषधाला जपानमध्ये २००१ पासून मान्यता आहे, पण इतर बहुतेक देशांच्या उपचारपद्धतीत झटक्यासाठी ते शिरू शकलेले नाही. वेळ हे अपयशाचे एक मोठे कारण असावे, कारण त्या रेणूंचा पहिला लोंढा रक्त परतल्यावर काही मिनिटांतच येऊन जातो. पाचव्या दिवशी तोंडाने दिलेली गोळी त्या लोंढ्याला गाठू शकत नाही. शिवाय गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय ग्लानीतील रुग्णाच्या तोंडात गोळी, पाणी किंवा काढा घालणे म्हणजे न्यूमोनियाला निमंत्रण देणे होय. व्हिटॅमिन ई पूरक म्हणून घेणाऱ्यांत रक्तस्रावी झटक्याचे प्रमाण थोडे वाढल्याचेही आढळले आहे, आणि तुमच्या वडिलांच्या मेंदूत आधीच रक्तस्राव आहे. नातेवाइकांना हे शेवटचे कारण सांगितलेत तर ते बहुधा आग्रह सोडतील.

आता पुढे काय पाहायचे ते. सीटीत दिसलेला रक्तस्राव कोणत्या प्रकारचा आहे, हे डॉक्टरांना विचारा. मेलेल्या भागात विखुरलेले बारीक ठिपके असतील तर त्यांचे स्वतःचे नुकसान सहसा फार नसते. पुष्कळदा ते त्या भागात रक्त परत पोचल्याची खूणच असतात. रक्ताचा गोळा झाला असेल, तो मेलेल्या भागाच्या ३० टक्क्यांहून अधिक जागा व्यापत असेल आणि शेजारच्या मेंदूला दाबत असेल, तर मात्र तो गंभीर मानला जातो. गुठळी काढताना वापरलेला रंगद्रवही पाझरून सीटीवर रक्तासारखा पांढरा दिसू शकतो, पण तो साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाचे स्कॅन शेजारी ठेवून पाहिले गेले का, हा प्रश्न रास्त आहे.

सुजेच्या बाबतीत मध्यरेषा किती सरकली आहे आणि आजचे स्कॅन कालच्यापेक्षा वाढते आहे की स्थिर, एवढे कळले तरी पुरेसे आहे. डोक्याची बाजू उंच ठेवणे, ताप उतरवणे, सूज उतरवण्यासाठी मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे सलाईन देणे हे उपाय चालू असतील. कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया साठीच्या आतील रुग्णांत ४८ तासांच्या आत केली तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढवते. साठीनंतरही ती जीव वाचवते, पण वाचलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याची मदत लागते. तुमच्या पत्रावरून ती वेळ आलेली दिसत नाही. तरीही, ग्लानी वाढली, उलटी झाली किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, तर राउंडची वाट न पाहता लगेच सांगावे.

तुमच्या वडिलांचा उजवा भाग आणि वाचा गेली आहे, म्हणजे इजा बहुधा डाव्या बाजूला आहे. अशा रुग्णांना बोलता येत नसले तरी काही अंशी समजत असू शकते. सहीचा वाद त्यांच्या पलंगाशेजारी होऊ नये, एवढे काकांना सांगता आले तर पाहा.

अ‍ॅस्पिरिनचे कारण वेगळे आहे. वाहिनी उघडल्यानंतर साधारण चोवीस तासांनी पुन्हा सीटी काढून, रक्तस्राव नसेल तर ती सुरू करतात. रक्तस्राव दिसला की तो किती आहे यावर काही दिवस ते आठवडे थांबायचे ठरते. त्यामुळे पाचव्या दिवशी ती सुरू नसणे हे सावधपणाचे लक्षण आहे. मात्र या थांबण्याला एक शेवटची तारीख असली पाहिजे, कारण रक्त पातळ करणाऱ्या औषधाविना राहिलेल्या रुग्णात नवी गुठळी होण्याचा धोका रोज चालू राहतो. पुढचे स्कॅन कधी आहे आणि ते स्थिर निघाल्यास कोणते औषध, किती मात्रेत, सुरू होणार आहे, हे लेखी मागून घ्या. त्याच भेटीत हृदयाची लय अनियमित आढळली आहे का तेही विचारा. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे तशी अनियमित लय, असेल तर अ‍ॅस्पिरिन पुरेशी नसते, वेगळे रक्त पातळ करणारे औषध लागते आणि ते केव्हा सुरू करायचे याचा हिशेबही वेगळा असतो. ते आतापर्यंत सापडले नसेल, तर मॉनिटर काढल्यानंतरही काही दिवस लय नोंदवणारे यंत्र लावण्याविषयी डॉक्टरांशी बोला, कारण ही लय येते-जाते आणि एका ईसीजीत सहज निसटते.